मंत्रगुप्ती आणि प्रजेचा संशय

सत्यनिष्ठ मनुष्याने काही लपवावे की नाही, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु संसारात राहणाऱ्याला तो पदोपदी अडवितो. वैद्याने सांगितलेले सर्वच आजाऱ्याच्या कानी घातले जात नाही, आणि मुलीच्या विवाहाची बोलणी ठरण्यापूर्वी कोणी चव्हाट्यावर मांडीत नाही. शास्त्रकारांनीही सर्व गोपनाला असत्य म्हटलेले नाही. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी गुह्य गोष्टींतील मौनाची गणना आपल्या विभूतींमध्ये केली आहे. राज्यकर्त्याविषयी तर मनू आणि कौटिल्य दोघेही एकच दृष्टांत देतात: कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते, तसे राजाने आपले वर्म झाकून ठेवावे.

तथापि कौटिल्याने मंत्राचे, म्हणजे राज्यकारभारातील गुप्त मसलतीचे, रक्षण सांगताना एक मर्यादाही सांगितली आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मंत्र झाकावा तो कार्याची वेळ येईपर्यंत. गुप्तता ही कार्यासाठी आहे. कार्य होऊन गेले, त्याचे बरेवाईट फळही भोगून झाले, तरी कुलूप तसेच राहिले, तर ते कशाचे रक्षण करते, हे विचारणे प्राप्त होते.

या प्रश्नाचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या सैन्याने लडाखमध्ये आणि ईशान्य सीमेवर आक्रमण केले. एका महिन्यानंतर चीननेच एकतर्फी युद्धविराम पुकारला, तोपर्यंत भारताचे तेराशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले होते आणि चार हजारांच्या आसपास शत्रूच्या बंदीत गेले होते. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले व महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना त्या जागी दिल्लीस बोलावण्यात आले. असे का झाले, याचा शोध घेण्यासाठी सेनाप्रमुख जनरल चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर भगत यांना नेमले. १९६३ साली त्यांचा अहवाल तयार झाला. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत त्याचे सार सांगितले. पर्वतीय युद्धाचे शिक्षण अपुरे होते, वरिष्ठ सेनानींकडून उणिवा राहिल्या, शत्रूविषयीची गुप्तवार्ता मंद गतीने मिळत होती आणि जी मिळे ती संदिग्ध असे, असे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. मूळ अहवाल मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रसिद्ध होणार नाही, असे त्यांनी सांगितले.

त्या वेळी हे योग्यच होते. शत्रू सीमेवर उभा होता, सैन्याची पुनर्रचना चालली होती, जखम ओली होती. कौटिल्याच्या भाषेत, कार्यकाल उलटला नव्हता. खटकते ते पुढचे. एका पिढीची दुसरी पिढी झाली, दुसरीची तिसरी झाली, तरी उत्तर तेच राहिले. २००९ साली केंद्रीय माहिती आयोगाने तो अहवाल देण्यास नकार दिला. २०१० साली संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितले की त्यातील मजकूर आजही युद्धकार्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने आपल्याजवळचा त्याचा काही भाग जगापुढे ठेवला, तेव्हा राज्यसभेतील विरोधी पक्षनेते अरुण जेटली यांनी अशी कागदपत्रे अनिश्चित काळ गुप्त ठेवणे लोकहिताचे नाही, असे मत मांडले. त्याच वर्षी जुलै महिन्यात तेच जेटली संरक्षणमंत्री या नात्याने राज्यसभेला कळवितात की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे होणार नाही. येथे एका व्यक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. कुलूप ज्याच्या हाती येते त्याला ते प्रिय होते, एवढेच यातून दिसते.

परिणाम काय झाला? ज्या पक्षाच्या राज्यात पराभव झाला तो आपल्या नेत्यांना झाकीत आहे, असे एक म्हणतो. सेनानी आपली चूक लपवीत आहेत, असे दुसरा म्हणतो. गुप्तवार्ता खात्याने चीन प्रतिकार करणार नाही असा भरवसा दिला होता आणि तेच दडविले जात आहे, असे तिसरा सांगतो. यातील कोण किती खरा, हे ठरविण्याचे साधनच कपाटात बंद आहे. न्यायशास्त्रात गौतमांनी सोळा पदार्थ सांगताना प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग संशयाला स्थान दिले आहे, कारण संशय उठल्यावाचून परीक्षा सुरू होत नाही. परंतु तो संशय प्रमाणाच्या आधाराने निर्णयापर्यंत चालत जाणारा असतो. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्या संशयाने मनुष्याचा नाश होतो म्हटले आहे, तो चालत नाही. एका जागी बसून मन कुरतडीत राहतो. राज्यसंस्था प्रमाण दडविते, तेव्हा पहिल्या प्रकारचा संशय दुसऱ्या प्रकारात सडू लागतो, आणि मग तीच संस्था प्रजेला संशयी म्हणून बोल लावते.

येथे कोणी म्हणेल की सीमेचा वाद आजही मिटलेला नाही. वाटा, ठाणी, खिंडी त्याच आहेत. म्हणून कार्यकाल संपला असे कसे म्हणावे? हा आक्षेप हलका नाही. सीमेवर ज्याचा मुलगा उभा आहे तो पिता तर तो प्रथम घेईल. पण त्याचे उत्तर या देशानेच एकदा देऊन ठेवले आहे. १९९९ साली कारगिलचे युद्ध संपताच जुलैअखेर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. घुसखोरीची वार्ता आधी का मिळाली नाही, हा तिच्यापुढील एक मुख्य प्रश्न होता. तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आला. जो मजकूर शत्रूच्या उपयोगी पडला असता तो वगळला, उरलेला देशाने वाचला. सीमा तेव्हाही पेटलेलीच होती. म्हणजे वाटा आणि ठाणी झाकून चुका सांगता येतात. सर्वच झाकणे हा निराळा निर्णय आहे, आणि त्याचे समर्थनही निराळे द्यावयास हवे.

मूळ प्रश्न अधिक खोल आहे. प्राचीन शास्त्रात मंत्र राखावयाचा तो राजासाठी, इतरांपासून. अमात्याने राजापासूनच मंत्र राखावा, असे कोणत्याही नीतिकाराने सांगितलेले नाही. आज राजा कोण? मतपेटीपाशी रांगेत उभा राहणारा गृहस्थच जर राज्याचा धनी असेल, तर मंत्री हे त्याचे अमात्य ठरतात.

धन्यापासून सत्य राखल्याने काय होते, हे महाभारताने कर्णाच्या कथेत दाखविले आहे. कर्ण हा कुंतीचा ज्येष्ठ पुत्र, हे कुंतीला ठाऊक होते, श्रीकृष्णांना ठाऊक होते, भीष्मांना ठाऊक होते, युद्धापूर्वी स्वतः कर्णालाही कळले होते. ठाऊक नव्हते ते युधिष्ठिराला, ज्याच्या नावाने युद्ध लढले जात होते. प्रत्येकाजवळ गोपनाचे कारण होते. कर्णाचे तर उदात्तच होते, कारण कळल्यास युधिष्ठिर राज्य त्याच्या हाती देईल हे तो जाणत होता. युद्ध संपल्यावर, गंगातीरी मृतांना जलांजली देताना, कुंतीने ते सांगितले. हे आधी कळते तर हा संहार झालाच नसता, असा धर्मराजाचा आक्रोश आहे. शोकाच्या भरात त्याने स्त्रियांच्या पोटी गुह्य राहणार नाही असा शाप दिला. (तो अन्यायाचाच म्हणावा लागेल, मौन पाळणाऱ्यांत पुरुषही थोडे नव्हते.) तथापि कुंतीने निदान जलांजलीच्या वेळी तरी सांगितले. ज्याचे तर्पण करावयाचे तो कोण, हे कळल्यावाचून तिने पुत्रांना नदीवरून परतू दिले नाही.

१९६२ च्या मृतांचे तर्पण साठ वर्षांहून अधिक काळ तसेच अर्धवट राहिले आहे. पराभवाची कारणे झाकली की दोषी झाकले जातात, हे खरे; पण त्यांच्याबरोबर निर्दोषही झाकले जातात. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांच्या तुकडीतील सुमारे १२० जणांपैकी ११४ जण जागीच लढत पडले. पुढल्या वर्षी बर्फातून त्यांचे देह सापडले, ते खंदकात, हातात शस्त्र घेतलेल्या स्थितीत. तोवर ही तुकडी अशी लढली, हे पुष्कळांना खरेही वाटत नव्हते. बर्फाने जे राखून दाखविले, त्यामुळे त्यांना न्याय मिळाला. इतर तुकड्यांतील किती जणांनी असेच कर्तव्य केले आणि कोणाच्या चुकीच्या आज्ञेमुळे ते मेले, याचा शोध ज्या कागदांत घेतला गेला, ते त्यांच्या विधवांनी कधी पाहिले नाहीत. त्यांतील अनेकजणी आता हयातही नसतील.

प्रजेकडेही एक कर्तव्य येते आणि ते अवघड आहे. कागद दिसत नाहीत म्हणून मनाला येईल तो मजकूर त्यांत वाचू नये. गुप्त आहे म्हणजे पापच असले पाहिजे, हे अनुमान सदोष आहे. हेतू व्यभिचारी असला की अनुमान पडते, हे तर्कसंग्रह शिकणारा विद्यार्थीही जाणतो. मागावे ते प्रमाण मागावे, पुनःपुन्हा मागावे, पण मिळेपर्यंत कोणाला द्रोही म्हणू नये. दैवी संपत्तीच्या गणनेत पाठीमागे निंदा न करणे हाही गुण भगवंतांनी सांगितला आहे, आणि तो राज्यकर्त्यांची निंदा करतानाही लागू पडतो.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागदपत्रांसाठी नवे धोरण मान्य केले. साधारणपणे २५ वर्षांत कागद खुले करावेत, आणि त्याहून जुने जाणत्यांकडून तपासून घ्यावेत, असे त्यात आहे. कारगिल समितीनेही अशीच शिफारस केली होती. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात मात्र राष्ट्राच्या सुरक्षिततेचे कारण पुढे केले की वीस वर्षांची मर्यादा लागू होत नाही, आणि ते कारण किती वर्षे पुढे करावे, हे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही.