अबोला आणि मौन

क्रोध हा षड्रिपूंपैकी एक, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु क्रोधाचे एक रूप असे आहे की, ते आरडाओरडा करीत नाही, हात उगारीत नाही, अपशब्दही उच्चारीत नाही. आणि म्हणूनच ते क्रोध म्हणून ओळखले जात नाही. 'माझे काय, तुम्ही म्हणाल तसे' असे म्हणावयाचे आणि काम मात्र अडवून धरावयाचे. 'हो' म्हणून विसरावयाचे. लेकीस बोलून सुनेस टोचावयाचे. आणि 'काय झाले?' असे विचारले असता 'कोठे काय!' म्हणून तोंड फिरवावयाचे. यास कोणी रुसवा म्हणतो, कोणी अबोला म्हणतो. वस्तुतः हा क्रोधच होय. तो पांघरूण घेऊन बसलेला असतो, इतकेच.

आमच्या कंग्राळीसारख्या गावी, जेथे एका बांधास दोन भावांची शेते लागतात आणि एका अंगणात दोन चुली पेटतात, तेथे हा अबोला वर्षानुवर्षे नांदतो. पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे आम्ही पाहत आलो आहो की, एकाच गोत्राचा उच्चार करून संकल्प सोडणारे सख्खे भाऊ प्रसाद मात्र मुलाच्या हाती एकमेकांकडे पाठवितात. 'जा, काकांना सांग, उद्या विहिरीच्या पाण्याची पाळी आपली आहे,' असा निरोप दहा पावलांवरून धाडला जातो. मोठ्यांचे वैर वाहून नेण्याची हमाली त्या मुलास करावी लागते. भांडण काय होते हे त्यास ठाऊक नसते. पण घरात मनातले बोलावयाचे नसते, एवढे ते निश्चित शिकते. आणि हीच खरी हानी होय.

पाश्चात्त्यांनी या वर्तनास स्वतंत्र नाव दिले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४५ साली अमेरिकेच्या युद्धखात्याच्या एका पत्रकात अशा सैनिकांचे वर्णन आले की, जे हुकूम उघडपणे मोडीत नसत, परंतु तोंड फुगवून, दिरंगाई करून, हट्ट धरून आणि काम मुद्दाम बेताचेच करून तो निष्फळ करीत. १९५२ साली तेथील मनोरोगतज्ज्ञांनी हा स्वभाव आपल्या विकारांच्या यादीत घातला. आणि १९९४ साली मुख्य यादीतून काढून परिशिष्टात ठेवला. यावरून रुसणाऱ्या प्रत्येकास रोगी ठरविणे योग्य नव्हे, एवढे ध्यानी घ्यावे. परंतु त्या सैनिकांचे उदाहरण बोधप्रद आहे. जेथे तोंडाने 'नाही' म्हणण्याची मुभा नसते, तेथे ते 'नाही' हातापायांतून प्रकट होते.

म्हणून अबोल्याचा दोष केवळ रुसणाऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. ज्या सासुरवाशिणीस उलट बोलण्याची सोय नव्हती, तिने भांडी आपटली. ज्या धाकट्या भावाचे मत कधी कोणी विचारले नाही, त्याने बांधावरचे काम रेंगाळत ठेवले. दुर्बळाच्या हाती दुसरे शस्त्र नव्हते. ज्या घरात खरे बोलणाऱ्यास 'तोंड वर करून बोलतोस?' असे दटावले जाते, त्या घरातील रुसव्याचा अर्धा वाटा वडीलधाऱ्यांनी आपल्याकडे घ्यावा, असे आमचे नम्र मत आहे.

येथे कोणी विचारील की, न बोलणे हे तर आपल्याकडे तप मानले आहे. मग अबोल्यास दूषण का? याचे उत्तर असे की, मौन हे स्वतःवर असते आणि अबोला दुसऱ्यावर असतो. महात्मा गांधी सोमवारी मौन पाळीत. परंतु ते सर्वांस ठाऊक असे, आणि त्या दिवशी ते कागदावर लिहून उत्तर देत. त्यांचा असहकारही असाच उघड होता. १९३० साली दांडीस निघण्यापूर्वी, २ मार्च रोजी, त्यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांस पत्र लिहून आपण काय करणार व का करणार, हे कळविले. आणि मग १२ मार्च रोजी ते निघाले. आपला विरोध, त्याचे कारण आणि तो मिटण्याची अट या तिन्ही गोष्टी सांगून जो विरोध करतो, तो सत्याग्रही. या तिन्ही लपवून समोरच्यास तर्क करीत ठेवतो, तो रुसलेला.

आता अशा माणसाशी कसे वागावे? रामायणात कैकेयी क्रोधागारात भूमीवर पडून राहिली. दशरथाने काय केले? तिचे मागणे ऐकण्यापूर्वीच रामाची शपथ घेऊन वचन दिले. रुसव्यास भिऊन जो आधीच होकार देतो, त्यास पुढे काय भोगावे लागते, हे आपण जाणतो. याच्या उलट, रुसणाऱ्यावर आपणही रुसून बसणे हा दुसरा मार्ग. त्याने दोन भिंतींच्या चार होतात.

तिसरा मार्ग मुक्ताबाईंनी दाखविला. लोकांनी केलेल्या अपमानाने खिन्न होऊन ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, अशी कथा आहे. धाकट्या बहिणीने ताटी मोडली नाही, किंवा 'बसा तसेच' म्हणून ती निघूनही गेली नाही. 'तुम्हांस दुःख झालेच नाही' असेही ती म्हणाली नाही. लोक अग्नी झाले तर संताने पाणी व्हावे, असे सांगून तिने त्यांना त्यांच्याच थोरवीची आठवण दिली, आणि पुनःपुन्हा एकच स्पष्ट विनंती केली. ताटी आतूनच उघडावयाची होती. बाहेरून हाक मारणे एवढेच तिच्या हाती होते, आणि ते तिने सोडले नाही.

आपणही इतके करू शकतो. टोमण्यास टोमणा न देता शांतपणे विचारावे, 'आपणांस राग आला आहे असे दिसते. कशाचा, ते सांगावे.' सांगितले तर मध्येच न तोडता ऐकावे. सांगितले नाही, तर मनधरणीचा बाजार मांडू नये. आपले काम करीत राहावे, नित्याचा शब्द बंद करू नये, आणि निरोपासाठी मुलास तर कधीही मध्ये घालू नये. जे काम एखादा 'हो' म्हणून वारंवार टाळतो, ते त्यास दूषण न देता, पण त्यास सांगून, दुसऱ्याकडे सोपवावे. क्षमा म्हणजे डोळेझाक नव्हे.

संक्रांतीस तिळगूळ देताना आपण एकमेकांस गोड बोलण्याची विनंती करतो. त्या विनंतीत गोडीइतकेच बोलण्यासही महत्त्व आहे. ज्याच्या अंगणात आपण पुष्कळ दिवसांत पाऊल टाकले नाही, त्याच्या हाती यंदाचा तिळगूळ मुलाबरोबर न पाठविता आपण स्वतः नेऊन द्यावा, एवढीच आमची सर्व कुटुंबांस प्रार्थना आहे.