आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप



क्रुसाच्या वाटेवरील पाचव्या स्थानाजवळ आपण गुडघे टेकतो, तेव्हा कुरेनेकर शिमोनाची आठवण करतो. प्रार्थना म्हणतो आणि पुढच्या स्थानाकडे वळतो. शिमोनापाशी आपण फार वेळ थांबत नाही. आज थोडे थांबू या.

संत मार्क ह्या माणसाविषयी एकाच ओळीत तीन गोष्टी सांगतो (मार्क १५:२१). पहिली, तो गावाबाहेरून, रानातून येत होता. दुसरी, शिपायांनी त्याला वेठीस धरले. आणि तिसरी, तो आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप होता. म्हणजे तो कोणी शिष्य नव्हता, क्रूस मागायला आलेला नव्हता. दिवसभराची कामे डोक्यात घेऊन चाललेला, मुलाबाळांचा एक साधा माणूस. वाटेत त्याच्या खांद्यावर दुसऱ्याचा क्रूस ठेवला गेला. त्याला कोणी 'तुला जमेल का?' असे विचारले नाही.

ज्या घरात कर्करोग येतो, त्या घरात असाच एक शिमोन असतो. आजार एकाला होतो आणि वेठीस दोघे धरले जातात. रुग्णासाठी आपण प्रार्थना करतो आणि ती केलीच पाहिजे. परंतु रुग्णाच्या शेजारी फाईलची पिशवी काखेत धरून उभा असलेला नवरा किंवा बायको, आणि त्यांची घरी राहिलेली लहान लेकरे, ह्यांच्यासाठी आपली मिस्सा संपल्यावर काय उरते? आजचे चिंतन त्यांच्यासाठी आहे.

सेनगाव परिसरातल्या माणसाला ह्या आजाराची वाट किती लांब असते ते आपण जाणतो. सेनगावहून एसटीने हिंगोली, तिथून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर, आणि तिथेही भागले नाही तर मुंबईतील परळ. केमो बहुधा दर तीन आठवड्यांनी असते. रेडिएशन बहुतेक वेळा आठवड्यातून पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालते. रोज गावाहून जाऊन येणे शक्य नसते, म्हणून शहरातच राहावे लागते. इकडे सोयाबीन काढणीला आलेले असते, हळदीला पाणी द्यायचे असते, धाकट्याला ताप असतो आणि थोरल्याची शाळा बुडत असते. आजीच्या जिवावर लेकरे टाकून आईबाप गाडीत बसतात. खिडकीतून हात हलवणाऱ्या त्या बापाच्या मनात काय चालले असेल ते देवच जाणे.

अशा वेळी सोबत्याच्या मनात राग येतो, कंटाळा येतो. रात्री कॉटखाली चादर अंथरून पडल्यावर 'हे माझ्याच वाट्याला का?' असे वाटते. मग तो स्वतःलाच अपराधी मानतो. बंधूंनो, थकवा हे पाप नाही. शिमोनालाही वेठीस धरले होते. तो आनंदाने पुढे आला असे शुभवर्तमान सांगत नाही. त्याने क्रूस उचलला आणि प्रभूबरोबर चालला, एवढेच सांगते. तेवढे पुरेसे होते. देव आपल्या मनाची उमेद मोजत बसत नाही. आपण चाललो की नाही, हे तो पाहतो.

आता एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. नवऱ्याला तोंडाचा कर्करोग झाला, तर बायको मंगळसूत्र मोडते, मजुरी करते, वाचता येत नसले तरी बस बदलत दवाखाना गाठते. ते तिचे कर्तव्यच, असे आपण धरून चालतो. पण बायकोच्या छातीत गाठ निघाली की काही घरांतून वेगळेच शब्द ऐकू येतात. "तिला माहेरी धाडा. बरी झाली की आणू." माहेरचा आधार घेणे वाईट नाही. आईच्या हातची पेज कोणाला नको असते? पण आधार घेणे वेगळे आणि टाकून देणे वेगळे. वेदीसमोर उजवा हात हातात घेऊन जे वचन दिले, त्यात आजार आणि आरोग्य ह्या दोन्हींचा उच्चार आहे, आणि ते वचन वधूने व वराने सारखेच उच्चारले आहे. बायकोसाठी वेगळे आणि नवऱ्यासाठी वेगळे असे विवाहसंस्काराचे दोन कागद ख्रिस्तसभेकडे नाहीत.

ज्या परळला आपले लोक उपचारासाठी जातात, तिथल्या टाटा रुग्णालयाच्या मुळाशीसुद्धा एका पतीचे दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, दोराबजीही गेले. पण ह्या रोगावर आपल्या देशात उपचार व्हावेत ही त्यांची तळमळ मागे उरली आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णालय उघडले. ते पारशी होते, धनवान होते. आपल्याकडे तसे धन नाही. परंतु पत्नीचा आजार तो माझाही आजार, असे मानायला धन लागत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेने असे एक कुटुंब वेदीवर आपल्यापुढे ठेवले आहे. फ्रान्समधील अलाँसों गावचे लुई मार्टिन आणि झेली. बाळ येशूची संत तेरेजा हिचे हे आईबाप. १३ जुलै १८५८ रोजी त्यांचा विवाह झाला. नऊ अपत्ये झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. झेली नाजूक लेस विणून घेण्याचा व्यवसाय करत असे. लुईचे घड्याळाचे दुकान होते. बायकोचा व्याप वाढला तेव्हा १८७० साली त्याने स्वतःचे दुकान भाच्याला विकले आणि तिच्या कामात हातभार लावू लागला. त्या काळातल्या पुरुषाने हे केले, हे आपल्या पुरुषांनी लक्षात ठेवावे.

झेलीला छातीतली गाठ १८६५ सालीच जाणवली होती. संसाराच्या रगाड्यात ती मागे पडली. आपल्या किती बहिणींची हीच कथा आहे! १८७६ च्या अखेरीस दुखणे वाढले, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ निघून गेल्याचे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तिने घरी येऊन हे लपवले नाही. लुई कोसळला. त्याला मासेमारीचा छंद होता, त्याने गळ माळ्यावर ठेवून दिले. मित्रमंडळीत जाणे त्याला नकोसे झाले. तो घरात, तिच्याजवळ राहिला. मोठमोठी भाषणे त्याने केल्याचे कोठे नमूद नाही.

जून १८७७ मध्ये झेली आपल्या तीन थोरल्या मुलींना घेऊन लुर्दला गेली. पवित्र मरियेपाशी तिने बरे होणे मागितले, कारण घरी लहान लेकरे होती. ती बरी झाली नाही. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी तिने देह ठेवला. धाकटी तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती.

आईच्या आजारपणात तेरेजा आणि सेलिन ह्या दोघी धाकट्यांना दिवसभर एका नातेवाईक बाईंकडे ठेवत. तेरेजाने पुढे आपल्या आठवणींत त्या दिवसांविषयी लिहिले आहे. एकदा घाईत सकाळची प्रार्थना राहून गेली. मुलींनी भीतभीत त्या बाईंना सांगितले. त्यांनी प्रार्थना करण्यासाठी दोघींना एका मोठ्या खोलीत नेऊन सोडले आणि त्या निघून गेल्या. आई नेहमी आपल्यासोबत बसून प्रार्थना करायची, हे त्या क्षणी पोरींना फार जाणवले. पुढे आईला शेवटचा अभ्यंग दिला गेला तेव्हा दोघीही त्या खोलीत होत्या. बापाला हुंदके देताना तेरेजाने पाहिले आणि ते तिला जन्मभर आठवले.

लुईने लेकरांपासून आपले रडणे लपवले नाही आणि आईपासून लेकरांना दूर ठेवले नाही, हे महत्त्वाचे आहे. आपण मुलांना 'आई मामाकडे गेली आहे' असे सांगतो. मूल सगळे ओळखते. आईचे केस गेलेले ते पाहते, घरातली कुजबुज ऐकते आणि कधी कधी मनात धरून बसते की मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. त्याला त्याच्या वयाला पेलेल इतके खरे सांगावे: आईला मोठा आजार आहे, डॉक्टर औषध देत आहेत, औषधामुळे केस गेले आहेत, हे तुझ्यामुळे झालेले नाही, आणि आम्ही तुला सोडणार नाही. हा आजार स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, हेही घरातल्या मोठ्यांनी पक्के समजून घ्यावे. आजारी आईच्या कुशीत लेकराला जाऊ द्या. केमोमुळे अंगातली ताकद कमी होते, म्हणून मुलाला सर्दी-ताप असेल तेवढे दिवस जपावे. आणि केमोनंतर तिला ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

झेलीच्या मृत्यूनंतर लुईने आणखी एक गोष्ट केली. अलाँसोंमध्ये त्याचे मित्र होते, तिथे त्याचे आयुष्य गेले होते. तरीही मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून त्याच वर्षी तो लिझ्यूला राहायला गेला. बाप एकटा पुरणार नाही, हे त्याने ओळखले आणि मदत स्वीकारली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ह्या पतिपत्नींना एकत्र संत म्हणून घोषित केले. झेलीच्या बाबतीत रोगमुक्तीचा चमत्कार झाला नव्हता. एकमेकांना न सोडण्याची कृपा मात्र त्यांना मिळाली होती.

मग आपण काय करावे? शुभवर्तमानात पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले (मार्क २:३). एकाने बाज उचलली जात नाही. आपली कुटुंबे इथे मोजकी आहेत, पण चार माणसे तर नक्कीच आहेत. एकाने त्यांच्या रानाकडे पाहावे. एकीने लेकरांना जेवू घालावे आणि रात्री त्यांच्यासोबत बसून प्रार्थना म्हणावी. त्या मोठ्या खोलीत त्यांना एकटे सोडू नये. एकाने कागदपत्रे पाहावीत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन भेटावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला आणि सोबत्यालाही रेल्वेभाड्यात सवलत आहे. मुंबईत राहण्याची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्ण व नातेवाईक राहतात. आणि चौथ्याने दवाखान्यात दोन दिवस रुग्णापाशी बसावे, म्हणजे तो नवरा किंवा ती बायको घरी येऊन लेकरांना जवळ घेईल आणि एक रात्र झोपेल.

'काही लागले तर सांगा' असे म्हणून आपण निघून जातो. वेठीला धरलेल्या माणसाला सांगायलाही सवड नसते. न सांगता जा.

आणि धर्मगुरूंना वेळेवर बोलवा. रुग्णाभ्यंग म्हणजे आता संपले, अशी भीती अजून आपल्या घरांत आहे. केवळ मरणासन्न माणसासाठीच हा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, केमो सुरू होण्यापूर्वी तो घ्यावा. सोबत्याने हात धरून शेजारी बसावे, लेकरांनीही बसावे. उपचार थांबले तरी ख्रिस्तसभा थांबत नाही. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनात होली क्रॉस धर्मभगिनी १९८६ सालापासून अशाच कर्करुग्णांची अखेरपर्यंत सेवा करीत आल्या आहेत.

शेवटी शिमोनाच्या मुलांकडे वळू. संत मार्क त्यांची नावे का सांगतो? त्याच्या वाचकांना ती मुले ठाऊक असावीत, असे अभ्यासक मानतात. संत पौल रोममधील मंडळीला लिहिताना रूफ नावाच्या एका बंधूला आणि त्याच्या आईला सलाम सांगतो (रोम १६:१३). कदाचित हा तोच रूफ असेल. बापाने एके दिवशी जबरदस्तीने उचललेला क्रूस लेकरांच्या श्रद्धेचे बीज झाला असेल. आज ज्या घरातली लेकरे बापाला आईचे केस गळलेले डोके मायेने पुसताना पाहतात, किंवा आईला बापाच्या जखमेची पट्टी बदलताना पाहतात, ती लेकरे विवाहसंस्कार म्हणजे काय हे आमच्या प्रवचनाशिवाय शिकत असतात.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तुझा क्रूस उचलायलाही तुला एका माणसाची मदत लागली. आमच्या गावातील, आमच्या घरांतील आजारी माणसांना बरे कर. त्यांच्या उशाशी जागणाऱ्या पतीला, पत्नीला बळ दे. ते चिडले तर त्यांना समजून घे, थकले तर त्यांना झोप दे. त्यांच्या लेकरांना तुझ्या आईच्या पदराखाली घे. आणि आम्ही वाटेच्या कडेला नुसते बघत उभे असलो, तर आमच्याही खांद्यावर हात ठेव आणि आम्हांला पुढे ओढ.

संत लुई आणि संत झेली, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.