'आपल्यासारखी' म्हणजे काय?



काही दिवसांपूर्वी मिस्सा संपल्यावर एक माउली ऑफिसात येऊन बसली. तिचा मुलगा सुरतला कामाला आहे. तिथे त्याने एक मुलगी पसंत केली. मुलगी दुसऱ्या राज्यातली, भाषा वेगळी, धर्मही वेगळा. माउली म्हणाली, "फादर, पोरगी चांगली आहे. पण ती आपल्यासारखी झाली पाहिजे." मी मान डोलावली. ती गेल्यावर मात्र तो शब्द मनातून जाईना. प्रेमाच्या नावाने एका माणसाने दुसऱ्याला 'आमच्यासारखा हो' असे सांगावे का?

यासंबंधी दोन विवाह आठवतात. पहिला आपल्या मराठी घरातला. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली ईव्ह नावाची मुलगी. वडील हंगेरियन, आई रशियन. लष्करी शिक्षणासाठी इंग्लंडला गेलेल्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणावर तिचे प्रेम बसले. वडिलांचा विरोध होता, तरी ती भारतात आली आणि १९३२ साली दोघांचे लग्न झाले. ती सावित्रीबाई झाली. तिने हिंदू धर्म स्वीकारला, साडी नेसली, मराठी आणि संस्कृत शिकली, महाराष्ट्राच्या संतांवर पुस्तक लिहिले. आपल्या सैन्याच्या परमवीर चक्राची रचना तिचीच. १९५२ साली पती वारले, तरी ती इथेच राहिली आणि १९९० साली इथेच तिने देह ठेवला.

दुसरा विवाह आदिवासी घरातला. व्हेरियर एल्विन हे ऑक्सफर्डला शिकलेले इंग्रज अँग्लिकन पाळक. १९२७ साली ते पुण्याला आले. पुढे त्यांनी पाळकपद आणि आपली ख्रिस्तसभा सोडली, शामराव हिवाळे या मराठी मित्रासोबत मंडला भागातल्या गोंडांमध्ये वस्ती केली. १९४० साली त्यांनी कोसी या गोंड मुलीशी गोंड रीतीने लग्न केले. ती वयाने त्यांच्याहून फारच लहान होती. १९४९ साली कलकत्त्याच्या हायकोर्टात घटस्फोट झाला. एल्विन यांनी आदिवासींवर अनेक पुस्तके लिहिली, पण १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या विवाहाला मोजक्याच ओळी मिळाल्या. कोसीने मात्र पुस्तक लिहिले नाही. तिची बाजू तिच्या गावातच राहिली.

आता पाहा. पहिल्या विवाहात बाई नवऱ्याच्या रीतीत पूर्ण मिसळली. दुसऱ्यात तर गोऱ्या माणसानेच आदिवासींची रीत उचलली. वरवर पाहता दुसऱ्या विवाहात अधिक आदर दिसतो. तरीही तो मोडला, आणि त्याची किंमत कोसीला अधिक मोजावी लागली असे मला वाटते. का? केवळ रंग किंवा भाषा वेगळी होती म्हणून नव्हे. सावित्रीबाई शिकलेली होती, स्वतःच्या इच्छेने आली होती, आणि आपले म्हणणे तिला मांडता येत होते. कोसीजवळ त्यातले किती होते? दोन संस्कृतींमधले अंतर प्रेमाने पार करता येते. पण एकाच्या हाती सगळी ताकद आणि दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, हे अंतर नुसती रीत बदलून मिटत नाही.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. त्याला आपली प्रत बनवणे नव्हे. पवित्र शास्त्रातली मवाबी रूथ आठवा. सासूच्या लोकांना तिने आपले लोक मानले, सासूच्या देवाला आपला देव मानले. पण नामीने हे मागितले होते का? उलट नामी तिला पुन्हा पुन्हा सांगत होती, मुली, आपल्या माहेरी परत जा. दार उघडे होते, म्हणूनच रूथचे राहणे हे दान ठरले. मत्तयने प्रभू येशूच्या वंशावळीत त्या परक्या सुनेचे नाव घातले. आणि मोशेच्या कूशी पत्नीवरून मिर्याम व अहरोन यांनी कुरकुर केली, तेव्हा देवाचा राग कुरकुर करणाऱ्यांवर झाला.

ख्रिस्तसभेचा कायदाही हेच तत्त्व पाळतो. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्नासाठी परवानगी लागते. आपला विश्वास जपण्याचे आणि मुलांना तो देण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन कॅथलिक व्यक्ती देते. दुसऱ्या व्यक्तीला त्या वचनाची कल्पना दिली जाते, तिच्याकडून वचन घेतले जात नाही. विश्वास हे देवाचे दान आहे. लग्नाची अट म्हणून तो कुणावर लादता येत नाही.

बंधू-भगिनींनो, 'आमच्यासारखे व्हा' हे वाक्य आपल्या डोंगरातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे. कचेरीत, बाजारात, शाळेत, आणि खरे सांगायचे तर कधी कधी आम्हा धर्मगुरूंच्या तोंडूनही. आपली बोली बोलताना कोणी हसले तेव्हा काय वाटले, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच वाक्य आपण आपल्या उंबऱ्यावर आलेल्या लेकीला ऐकवणार का?

सून आपली भाषा शिकली, काठीच्या होळीला आपल्याबरोबर आली, तर आनंदच आहे. पण तिला नाही म्हणता येते का? माहेरची भाषा तिला घरात बोलता येते का? तिच्या आईवडिलांना आपल्या ओसरीवर मानाने बसता येते का?

ती माउली पुन्हा येईल तेव्हा मी मान डोलावणार नाही. मी विचारीन, "बाई, तिच्या भाषेत आईला काय म्हणतात, ते तुम्ही शिकलात का?"

प्रभू आपल्या सर्व घरांना आशीर्वाद देवो.

तुमचा,
फादर