आधी वाटा, मग त्याग

माउली, आपल्या गावागावांत ‘हक्कसोड’ हा शब्द फार सहज वापरला जातो. वडील जातात, दहावा-तेरावा होतो, वारसनोंदीचे कागद निघतात आणि बहिणीला निरोप जातो, ‘ताई, एक दिवस येऊन जा, सही लागते.’ ती येते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही-अंगठा होतो, घरी पुरणपोळी होते, भाऊ साडीचोळी करतो आणि संध्याकाळच्या एसटीने ती परत जाते. गाव म्हणते, बहीण असावी तर अशी. कधी कधी कीर्तनातही तिचे हे सोडणे त्यागाचा दृष्टान्त म्हणून येते. माझ्या मते तो दृष्टान्त तिथे लागू पडत नाही.

त्यागाचा आपल्या संप्रदायातला थोर प्रसंग इंद्रायणीच्या काठचा आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळाने तुकोबारायांचे घर मोडले होते. थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. तुकोबा डोंगरावर जाऊन बसले आणि धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत गेले. परत आल्यावर तुकोबांनी घरातली सावकारीची सगळी खते मागवली. ती डोहात सोडली, एवढेच आपण सांगतो आणि पुढे जातो. पण महिपतीबुवांनी सांगितलेल्या कथेत त्याआधी एक गोष्ट घडते. खतांचे दोन वाटे होतात. अर्धी खते कान्होबांच्या हाती जातात आणि उरलेली, म्हणजे तुकोबांच्या स्वतःच्या वाट्याची तेवढी, पाण्यात जातात.

इथे थोडे थांबावे असे मला वाटते. तुकोबा थोरले होते, घराचा कारभार त्यांच्याकडे होता. कान्होबांनाही पांडुरंगाच्या नावाने सोडायला लावणे त्यांना अवघड नव्हते, कारण भावाच्या शब्दाला ते नाही म्हणाले नसते. तरीही वैराग्याच्या ऐन भरात त्यांनी आधी हिशेब केला. ज्याचे त्याला दिले आणि मगच आपले सोडले. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग करण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही.

आता आपल्या बहिणीकडे पाहू. तिने जे सोडले ते तिच्या हातात कधी आले होते? सातबाऱ्यावर तिचे नाव लागले नव्हते, बांध कुठला हे तिला कुणी दाखवले नव्हते. सही केली नाही तर माहेर तुटेल, पंचमीला मूळ येणार नाही, भाऊबीजेला दार बंद होईल, हे मात्र तिला न सांगता कळत होते. अशा सहीला संमती म्हणायलाही जीभ अडखळते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास तीही, सगळे सारखे वाटेकरी. चार एकर रान असेल आणि मागे आई, दोन भाऊ, एक बहीण असतील, तर प्रत्येकी चाळीस गुंठे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क देणारी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली, आणि त्या दिवशी बाप हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगितले. महाराष्ट्राने तर 1994 मध्येच असा कायदा केला होता, त्याआधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या.

भावाची बाजू खोटी आहे असे मी म्हणत नाही. रानात राबला तो. सोसायटीचे कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, बापाचे आजारपण त्याने काढले, आणि चाळीस गुंठ्यांचे आणखी तुकडे पडले तर पोट कुणाचेच भरत नाही. हे सगळे खरे आहे, आणि ते वाटणीच्या बैठकीतच मांडावे. कर्ज वाट्याप्रमाणे वाटून घेता येते. दवाखान्याचा खर्च हिशेबात धरता येतो. बहिणीचे नाव लावून रान भावानेच वाट्याने कसावे, असेही ठरवता येते. विहिरीची पाळी, पायवाट आणि मोटारीचे वीजबिल यांचे आधीच लिहून ठेवलेले बरे. भावाभावांत डोकी फुटतात ती बहुधा जमिनीवरून कमी आणि पाण्याच्या पाळीवरून जास्त. ‘तिच्या लग्नात दिले की’ हा हिशेब मात्र मला पटत नाही. मांडवात आणि मानपानात गेलेला पैसा तिच्या नावावर कधीच नव्हता. हुंडा तर 1961 पासून गुन्हाच आहे.

एवढे सगळे झाल्यावर, सातबारा हातात आल्यावर, बहीण जर म्हणाली की दादा, मला नको, तुझी पोरं शिकव, तर तो त्याग. त्या दिवशी कीर्तनात तिचे नाव जरूर घ्यावे.

आईचा प्रश्न याहून नाजूक आहे. आईला वाटा कशाला, ती आमच्यातच आहे, असे दोघेही भाऊ म्हणतात. आणि पुढे ती महिना इकडे, महिना तिकडे अशी पिशवी घेऊन फिरते. पूर्वी काही घरांत चोळीबांगडीसाठी म्हणून तिच्याकडे एक तुकडा राखत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी जिवंतपणीच बायकोच्या नावे जमीन केली. तुळशीमाळ घातलेल्या माणसाला तर हे सुचायला कुणाची हाक लागू नये.

आणि तुकोबांच्या कथेत आणखी एक माणूस आहे. डोहात गेलेल्या त्या अर्ध्या खतांवर जिजाईची चूलही चालायची होती. तिला कुणी विचारल्याचे कथेत येत नाही. पुढे ती विठोबावर चिडते, बोलते, तरीही रानात असलेल्या नवऱ्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढते. आपण तिला कजाग म्हणून हसण्यावारी नेत आलो. पण तिचे ते बोलणे संप्रदायाने कथेतून काढून टाकले नाही. साडेतीनशेहून अधिक वर्षे कीर्तनकार ते उभ्याने सांगत आले आहेत, आणि समोर बसलेल्या बायका ते ऐकताना हसत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.