खुराड्यातील हिंसा

परसातील खुराड्यात एखाद्या कोंबडीच्या शेपटीच्या मुळाशी रक्ताचा ठिपका दिसताच, कालपर्यंत तिच्याबरोबर उकिरडा उकरणाऱ्या साऱ्या जणी त्या लालीवर तुटून पडतात आणि वेळीच तिला वेगळे न काढल्यास पार आतड्यांपर्यंत टोचीत जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला, या पापाची नोंद कोणाच्या खाती करावयाची, हा प्रश्न निव्वळ पांडित्याचा वाटत नाही. तोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने 1921 साली दाखवून दिले की कोंबड्यांत टोचण्याचीही उतरंड असते, आणि कोणी कोणास टोचावे हे एकदा ठरले की कळप बहुधा शांत राहतो. म्हणजे मानपानाचा शोध माणसानेच लावला, असे नव्हे! जैन आचार्य उमास्वातींनी हिंसेचे लक्षण सांगताना प्राणहानीला प्रमादाची जोड दिली आहे, आणि तीच कसोटी येथे मला ग्राह्य वाटते. कोंबडीला विवेकच नाही, तेथे प्रमाद कोठला? तो मालकाकडे शोधावा: जागा अपुरी, खाद्यात प्रथिनांची वानवा, उजेड अतिप्रखर, आणि दुबळीला तोंड घालता येईल असे दुसरे भांडे नाही. चोच छाटण्याचा रूढ उपाय मला मुळीच रुचत नाही. गुन्ह्याचा तपास न करता हत्यार जप्त करण्याची ती फौजदारी होय. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन, ती भरेपर्यंत जाळीपलीकडे परंतु इतरांच्या नजरेसमोर ठेवलेली कोंबडी कळपात परतते, तेव्हाही चार टोचे खातेच; ते कोठवर खाऊ द्यावेत, हे रक्त येते की नाही, एवढ्यावरूनच ठरवावे लागते.