ग्रहण आणि ग्रंथ

इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने ग्रहणाचे कारण पृथ्वीच्या आणि चंद्राच्या सावलीत शोधले. पुढे ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ग्रहणाचे गणित सावलीवरूनच मांडले, आणि तरीही वेद-स्मृतींचा दाखला देत राहूची बाजू घेतली. एवढ्या थोर गणितज्ञालाही ग्रंथप्रामाण्याने अडवले, ही मनाला लागणारी गोष्ट आहे. गणिताला मात्र राहूची गरज कधीच पडली नाही.

विज्ञान नसेल, पण नीती तरी ग्रंथांतून घ्यावी, असे काही जण म्हणतील. करुणा ग्रंथांनी शिकवली, हे खरेच. पण मनुस्मृतीत अहिंसा आहे, तशाच शूद्रांसाठी क्रूर शिक्षाही आहेत. त्यांतले काय घ्यायचे, हे आपला विवेकच ठरवतो. मुलांना हे ग्रंथ जरूर वाचायला द्या. त्यांनी प्रश्न विचारले, तर गप्प बसवू नका.