फुंकायच्या टेस्टचा रिपोर्ट वाचताना

चि. बाळ हिस,


रिपोर्टचे फोटो मिळाले. ‘माइल्ड रिस्ट्रिक्शन’ एवढी शेवटची ओळ वाचून तू विचारलंस, ‘मावशी, माझं एक फुप्फुस गेलं का गं?’ नाही गेलं. पण एवढ्या उत्तरावर तुझं समाधान होणार नाही आणि होऊही नये. माझी सगळी नोकरी छातीच्या विभागात, पीएफटीच्या, म्हणजे या फुंकायच्या टेस्टच्या, मशीनपाशी गेली. तेव्हा हा कागद आपण दोघी मिळून वाचू, आणि शेवटच्या ओळीपासून नाही, पहिल्या ओळीपासून.

पहिल्या ओळीत उंची १६३ सेंटीमीटर छापली आहे. भरतीच्या फॉर्मवर तर तू १५८ लिहिली होतीस. टेस्टच्या वेळी चपला काढायला लावून, टाचा भिंतीला टेकवून मोजली, की नुसतं विचारून घेतली? हा प्रश्न किरकोळ समजू नकोस. निरोगी असताना तुझी फुप्फुसं कशी होती, हे मशीनला माहीत नसतं. तुझ्या वयाच्या, उंचीच्या निरोगी बाईची फुंक साधारण किती असावी, याचा ते अंदाज काढतं आणि तुझा आकडा त्याच्याशी ताडून बघतं. जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने १८४६ साली लंडनमध्ये हजारो माणसांच्या फुंका मोजून दाखवलं, की माणूस जितका उंच तितकी फुंकेत निघणारी हवा जास्त. तो नियम आजही कायम आहे. तुझ्या कागदावर अपेक्षित एफव्हीसी, म्हणजे पूर्ण फुंक, ३.३५ लिटर आहे, तू फुंकलीस २.४८, म्हणून ७४ टक्के. १५८ हीच खरी उंची धरून घातली तर अपेक्षित आकडा ३.१०-३.१५च्या आसपास येईल आणि तीच फुंक ७९ टक्क्यांच्या जवळ जाईल. फुप्फुसात काहीही बदल न होता!

शिवाय अंदाज काढायचं गणितही एकच नाही. २०१२ साली जगभरातली मोजमापं एकत्र करून जी गणितं बसवली, त्यात आपल्या उपखंडातल्या लोकांचा वेगळा गटच नव्हता, आपल्याला ‘इतर’मध्ये टाकावं लागे. २०२२मध्ये हे वंशाचे गट काढून सगळ्यांना एकच गणित आलं. काही मशीन्समध्ये अजून त्याहून जुनी गणितं आहेत. म्हणून एका ठिकाणी ७४ टक्के आणि दुसरीकडे ८० आले, तर सुधारणा झाली असं लगेच धरू नकोस. टक्के गणिताप्रमाणे बदलतात, लिटर बदलत नाहीत. वहीत लिटर लिहून ठेव.

आता मुख्य आकडे. पूर्ण श्वास भरून सगळा बाहेर टाकलास ती एफव्हीसी, २.४८. त्यातली पहिल्या सेकंदात निघाली ती एफईव्ही-वन, १.९८. दुसरीला पहिलीने भागलं की ८० टक्के. हा भागाकार सगळ्यात आधी बघायचा. पोत्याचं तोंड अरुंद आहे की पोतंच लहान आहे, हे तो सांगतो. दमा किंवा सीओपीडीसारखा श्वासनळ्यांचा आजार असेल तर तोंड अरुंद, हवा रेंगाळत निघते आणि भागाकार खाली येतो. ७० टक्क्यांची सरसकट रेघ पुष्कळ ठिकाणी वापरतात, पण तुझ्यासारख्या बाविशीतल्या मुलीसाठी ती फार सैल आहे. या वयात ७६-७७च्या खाली गेलं तरी लक्ष द्यावं. तुझे ८० ठीक आहेत. पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकवलं तेव्हा एफईव्ही-वन २.०६ झाली. एवढा फरक नेहमीच्या चढउतारात मोडतो. एकूण, तुझ्या नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या आहेत.

मग पोतं लहान, म्हणजे ‘रिस्ट्रिक्शन’? इथे मला तुझ्या तीन फुंकांबद्दल बोलायचंय. २.१०, मग २.३५, मग २.४८. दर वेळी आकडा चढलाय. शेवटच्या दोहोंत १५० मिलिलिटरपेक्षा कमी फरक आहे, म्हणजे फरकाचा नियम तेवढा पाळला गेलाय. पण आकडे असे पायरीपायरीने चढत असतील, तर पेशंट अजून फुंकायला शिकतोय असं मी समजते. मी असते तर तुला पाणी देऊन, दोन मिनिटं बसवून चौथी, पाचवी फुंक घेतली असती. आठपर्यंत घेता येतात. पहिल्या फुंकेची रेघ बघ, शेवटाला कड्यावरून पडल्यासारखी उभी खाली येते. तू मधेच सोडलंस, खोकला आला असेल. हवा आत राहून गेली की फुप्फुस उगाच लहान दिसतं. ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका’ असं आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो ते याचसाठी.

हे सगळं धरूनही तुझी फुंक थोडी कमी असेल, तर मला नवल वाटणार नाही. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात टीबी झाला होता तुला. जंतू मरतात, पण जिथे ते होते तिथे व्रण धरतो, फुप्फुसाचा तेवढा भाग आक्रसतो, कुणाच्या नळ्या कायमच्या रुंदावतात आणि तिथे कफ साठतो. गोळ्यांचा कोर्स संपला की पेशंट ‘बरा झाला’ असं लिहून फाईल बंद करायची, अशीच पद्धत कितीतरी वर्षं होती. अशा पेशंटची दमछाक कुणी विचारली नाही, याचा मला अजून राग आहे. टीबीनंतरच्या फुप्फुसांवर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती २०१९ साली, दक्षिण आफ्रिकेत. जगातले सुमारे पाव टीबी पेशंट आपल्या देशात, आणि हा विचार इतक्या उशिरा!

मात्र ‘रिस्ट्रिक्शन’ हा शब्द नुसत्या फुंकण्यावरून पक्का करता येत नाही. फुंकल्यावर छातीत उरते ती हवा या मशीनला मोजताच येत नाही. त्यासाठी काचेच्या खोलीत बसवून टोटल लंग कपॅसिटी मोजतात. सोबत डीएलसीओ करतात, म्हणजे हवेतून रक्तात वायू किती जातो ते बघतात. त्याआधी हिमोग्लोबिन तपासून घे, ते कमी असेल तर हा आकडाही कमी येतो. छातीच्या डॉक्टरांना हे दोन्ही विचार.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव. या टेस्टला जंतू दिसत नाहीत. आकडा कमी आला किंवा एक्स-रेवर जुना डाग दिसला, एवढ्यावरून टीबीच्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या नाहीत. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखव आणि थुंकी तपासून घे. त्या तपासणीतही सीबीनॅट या टेस्टला मेलेल्या जंतूंचे अवशेष सापडू शकतात. म्हणून आधी टीबी होऊन गेलेल्यांमध्ये जंतू जिवंत आहे की नाही हे कल्चरवर, म्हणजे जंतू वाढवून बघण्यावर, ठरतं.

आता भरतीच्या ग्राउंडचं. ८०० मीटर तुला धावायचेत, आणि ते पीएफटीच्या कागदावर ठरत नाही. आधी सहा मिनिटं चालण्याची टेस्ट करून घे. किती मीटर गेलीस आणि बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन किती उतरला, ते बघतील. उतरत नसेल तर डॉक्टरांना विचारून सराव हळूहळू वाढव. व्रण झालेला भाग व्यायामाने पुन्हा नवा होत नाही, तुझे २.४८ कदाचित २.४८च राहतील. पण पायांचे स्नायू आणि हृदय तयार झाले की तेवढ्याच हवेत माणूस पुष्कळ लांब जातो. जिने चढताना कठडा धरून थांबणारे पेशंट दोन-तीन महिन्यांच्या व्यायामानंतर न थांबता चढताना मी पाहिलेत, आणि त्यांचे फुंकण्याचे आकडे जिथल्या तिथे होते. कोविडमध्ये आणलेलं तीन गोळ्यांचं खेळणं घरात असेल तर वापर, पण गोळ्या वर गेल्या म्हणजे फुप्फुस सुधारलं असं समजू नकोस. ते श्वास आत ओढायचं साधन आहे, मोजमाप नाही.

पंचविशीनंतर निरोगी माणसाचीसुद्धा एफईव्ही-वन वर्षाला २५-३० मिलिलिटरने कमी होते. तुझी शिल्लक थोडी कमी, म्हणून धुरापासून लांब राहा. सिगारेट नाही, चुलीपाशी बसणं नाही, रात्रभर डासांची कॉइल नाही. दरवर्षी फ्लूची लस घे. सहा महिन्यांनी टेस्ट शक्यतो त्याच मशीनवर आणि उंची मोजून घेऊन कर.

तुझ्या आईने तुझी ताटवाटी अजून वेगळी ठेवलीय, असं कळलं. टीबी भांड्यांतून पसरत नाही, आणि तुझी थुंकी तर केव्हाच निगेटिव्ह झाली. रविवारी तिला फोन करते आहे. तू जवळ बस, स्पीकर लाव.

तुझी
मावशी